लगाम खेळाला नव्हे, गल्ल्याला

व्हिडिओ गेममधील खर्चावर कायद्याचे नियंत्रण असावे, अशी मागणी पुढे आली की तिच्या विरोधात पाच आक्षेप हमखास मांडले जातात. हा जुगार नाही, हा पहिला. पैसे खर्च करणारा ते स्वखुशीने करतो, हा दुसरा. मुलांवर लक्ष ठेवणे हे पालकांचे काम आहे, हा तिसरा. उद्योग स्वतःच स्वतःला शिस्त लावून घेईल, हा चौथा. आणि ज्या देशाने बंदी घातली तेथेही ती कागदावरच राहिली, हा पाचवा. या प्रत्येक आक्षेपात तथ्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच त्यांना एका वाक्यात झटकून टाकणे योग्य ठरणार नाही; परंतु या पाचही आक्षेपांची भिस्त एकाच गृहीतकावर आहे, ते म्हणजे हा वाद खेळाविषयी किंवा खेळणाऱ्याच्या स्वभावाविषयी आहे. वस्तुतः वाद आहे तो विक्रीच्या रचनेविषयी. ज्या ग्राहकाला थांबता येत नाही त्यालाच हेरून त्याच्याच खिशावर चालणारी यंत्रणा कायद्याच्या कक्षेबाहेर राहावी काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे.

ही यंत्रणा कशी चालते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. अनेक लोकप्रिय खेळ फुकट मिळतात आणि त्यांची कमाई खेळ सुरू असताना होणाऱ्या खरेदीवर होते. त्या खरेदीचा सर्वांत वादग्रस्त प्रकार म्हणजे ‘लूट बॉक्स’: पैसे आधी मोजायचे, आणि पेटी उघडल्यावर आत पोशाख निघेल, शस्त्र निघेल की एखादे पात्र निघेल, हे संगणकाने काढलेल्या सोडतीवर सोपवायचे. जपानमध्ये याच प्रकाराला, नाणे टाकल्यावर खेळण्याची डबी देणाऱ्या यंत्राच्या नावावरून, ‘गाचा’ म्हणतात. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. किराणा दुकानांत आणि जत्रांमध्ये ‘सोरट’ नावाचा प्रकार चालत आला आहे: पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेल्या बंद चिठ्ठ्या, एका नाण्याला एक चिठ्ठी, चिठ्ठीत निघेल त्या आकड्याची वस्तू, आणि सगळ्यांना दिसेल असे वर टांगलेले एखादे मोठे बक्षीस. लूट बॉक्स हे त्याच प्रकाराचे संगणकीय रूप असले, तरी दोन बाबतींत ते मूळ प्रकाराच्या कितीतरी पुढे गेले आहे. पुठ्ठ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला आपल्या मुठीतले किती पैसे गेले ते कळत असे, आणि पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या कधी ना कधी संपत असत.

पैसे दिसेनासे कसे होतात, हे २०२० साली आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय चिनी खेळात स्पष्टपणे पाहता येते. येथे पैशांच्या बदल्यात आधी ‘जेनेसिस क्रिस्टल’ मिळतात, त्यांचे ‘प्रिमोजेम’ करून घ्यावे लागतात, १६० प्रिमोजेम दिले की एक ‘फेट’ मिळते आणि ते फेट खर्ची घातले की एक सोडत निघते. क्रिस्टलांचा सर्वांत लहान पुडा ६० चा आहे. म्हणजे एका सोडतीसाठी तीन पुडे घ्यावेत तर २० उरतात, आणि त्या उरलेल्या २० चे काय करावे या विचारातच पुढच्या खरेदीचे बीज पडते. पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. ९० व्या सोडतीपर्यंत असे एक पात्र निघेल याची हमी असते. परंतु ते हवे असलेलेच पात्र असेल असे नाही, आणि ते नसल्यास नव्याने तेवढ्याच सोडती काढण्याची वेळ येऊ शकते. सर्वांत वाईट परिस्थितीत हा हिशेब १८० सोडतींवर, म्हणजे २८,८०० प्रिमोजेमवर जातो, आणि ते सगळे विकत घ्यायचे म्हटले तर अमेरिकेत सुमारे १०० डॉलरला मिळणारे मोठे पुडे तीन-चार लागतात. खेळत राहूनही काही प्रिमोजेम मिळतात, हे खरे. पण विकत घेणाऱ्याला एका सोडतीची किंमत त्याच्या स्वतःच्या चलनात पडद्यावर सरळ दिसत नाही. दोन-तीन चलनांचे हे थर खेळ अधिक रंजक व्हावा म्हणून चढवलेले नाहीत. खर्चाची जाणीव बोथट करणे हेच त्यांचे कार्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या खेळाच्या अमेरिकेतील वितरकाशी तडजोड केली, तेव्हा २ कोटी डॉलरच्या दंडाबरोबरच, सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना लूट बॉक्स विकू नयेत आणि ते खऱ्या पैशांत थेट विकत घेण्याची सोय असावी, अशा अटी घातल्या, त्या याच कारणाने.

आता पहिला आक्षेप. लूट बॉक्समधून प्रत्येक वेळी काही ना काही निघते आणि निघालेली वस्तू खेळाबाहेर विकता येत नाही, म्हणून हा जुगार नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या कंपनीच्या प्रतिनिधीने या पेट्यांचे वर्णन आश्चर्याची योजना असे केले आणि आत खेळणे असलेल्या चॉकलेटच्या अंड्याशी त्यांची तुलना केली. ही तुलना टिकणारी नाही. चॉकलेटचे अंडे कोणी घेतले, किती वेळा घेतले, कोणत्या खेळण्यासाठी तो हट्टाला पेटला आहे, हे दुकानदाराला ठाऊक नसते आणि त्यानुसार दुकानाची मांडणी क्षणाक्षणाला बदलणेही त्याला शक्य नसते. खेळ चालवणाऱ्या कंपनीकडे मात्र प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीची नोंद असते. शिवाय याच कंपनीच्या २०२१ च्या आर्थिक वर्षात ‘अल्टिमेट टीम’ या एकाच प्रकाराने, ज्यात खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे विकली जातात, १६२ कोटी डॉलरचा महसूल मिळवून दिला. एवढ्या उलाढालीला लहान मुलांच्या चॉकलेटची उपमा शोभत नाही.

तरीही ‘जुगार’ या शब्दावरून होणारी कायद्याची लढाई उद्योगाने अनेकदा जिंकली आहे, हे मान्य केले पाहिजे. नेदरलँड्सच्या जुगार नियामकाने याच पाकिटांबद्दल कंपनीवर आकारलेला १ कोटी युरोचा दंड २०२० मध्ये हेगच्या न्यायालयाने उचलून धरला, पण मार्च २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. पाकिटे उघडणे हा स्वतंत्र खेळ नसून मोठ्या कौशल्याच्या खेळाचा भाग आहे, असे कारण त्याने दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश सरकारनेही आपला २००५ चा जुगार कायदा लूट बॉक्सना लागू करण्यास नकार दिला. या निर्णयांवरून लूट बॉक्स निरुपद्रवी आहेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे व्याख्येलाच वस्तुस्थिती समजणे होय. पत्ते, घोडे आणि रोख बक्षिसे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या व्याख्या या नव्या विक्रीला पुरेशा पडत नाहीत, एवढेच त्यांतून सिद्ध होते. जपानने २०१२ मध्येच वेगळा मार्ग धरला होता. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच सोडतीतून जमवला तरच मोठे बक्षीस देणारा ‘कोम्पु गाचा’ हा प्रकार तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने बेकायदा ठरवला, आणि त्यासाठी जुगाराच्या कायद्याऐवजी ग्राहकांना दाखवल्या जाणाऱ्या अवाजवी आमिषांविरुद्धच्या कायद्याचा आधार घेतला.

भारताच्या दृष्टीने हा धडा महत्त्वाचा आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. मात्र त्याच कायद्याने ‘ऑनलाइन सामाजिक खेळ’ असा वेगळा वर्ग केला असून, आर्थिक लाभाच्या अपेक्षेने पैसे न लावणे हे त्याचे लक्षण सांगितले आहे. लूट बॉक्स घेणारा आर्थिक लाभाची अपेक्षा धरत नाही. त्याला हवी असते एक तलवार, एक पोशाख, एक पात्र. परिणामी, ज्या व्यवहारात पैसे परत मिळण्याची निदान आशा तरी असते तो गुन्हा ठरला, आणि ज्यात पैसे परत मिळण्याची शक्यता मुळातच नाही तो निर्दोष असल्याचा दावा करण्यास वाव राहिला. ‘काय जिंकता येते’ या प्रश्नावर कायदा उभा केला की अशी विसंगती अटळ ठरते. ‘किती आणि कशा रीतीने गमावले जाते’ या प्रश्नावर तो उभा राहायला हवा.

दुसरा आक्षेप स्वखुशीचा. सज्ञान माणसाने आपल्या कमाईचे काय करावे, हे सरकारने सांगू नये, हे तत्त्व आदरणीय आहे आणि नियमनाच्या समर्थकांनी ते हलके लेखू नये. परंतु निवड स्वतंत्र ठरण्यासाठी किंमत कळणे, शक्यता कळणे आणि थांबता येणे या तीन गोष्टी लागतात, आणि ही यंत्रणा नेमकी याच तिन्हींवर घाला घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘गेमिंग विकार’ समाविष्ट आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालू राहणे, ही त्याची लक्षणे. अशा अवस्थेतल्या माणसाची ‘खुशी’ हा शब्द जपूनच वापरला पाहिजे. उद्योगाच्या परिभाषेत भरमसाट खर्च करणाऱ्या खेळाडूला ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, असे जुगारगृहांतून उसने घेतलेले नाव आहे. लूट बॉक्सच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनमधील संशोधकांना २०२१ मध्ये असे आढळले की, विकत घेणाऱ्यांपैकी सर्वाधिक खर्च करणाऱ्या पाच टक्के लोकांकडून या विक्रीचा सुमारे निम्मा महसूल येतो, आणि या गटाचा संबंध जास्त उत्पन्नापेक्षा जुगाराच्या विकाराशी अधिक दिसतो.

यावर असे म्हटले जाते की संबंध म्हणजे कारण नव्हे. हे बरोबर आहे. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये ७,४२२ खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली, तीत लूट बॉक्सवरचा खर्च आणि जुगाराच्या समस्येची तीव्रता यांचा संबंध दिसला. पण या पेट्यांमुळे माणूस जुगाराकडे वळतो, की जुगाराकडे झुकलेला माणूस या पेट्यांवर अधिक खर्च करतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. प्रश्न असा की, यातले काहीही खरे निघाले तरी विक्रेत्याचे दायित्व कमी होते काय? पहिल्या शक्यतेत तो रोग निर्माण करतो, तर दुसऱ्या शक्यतेत तो रोग्याच्या रोगावर पैसे मिळवतो. संरक्षणाची गरज दोन्हीकडे सारखीच राहते.

तिसऱ्या आक्षेपात पालकांना पुढे केले जाते. घरात एकच मोबाइल, त्याच मोबाइलवर वडिलांचे बँक खाते, त्यावरच मुलाचा अभ्यास आणि त्यावरच त्याचा खेळ, ही असंख्य भारतीय कुटुंबांची स्थिती आहे, आणि चार आकडी पिन मुलाला ठाऊक होण्यास वेळ लागत नाही. अशा घरातल्या आई-वडिलांसमोर, मन वेधून घेण्याच्या शास्त्रात निष्णात असलेली माणसे पगारावर ठेवणाऱ्या कंपन्या उभ्या असतात; ही लढत बरोबरीची नाही. कंपन्यांनी स्वतःहून घातलेली मर्यादा कशी असते, याचे एक उदाहरण बोलके आहे. २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ भारतात आला, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी खर्चाची कमाल मर्यादा जाहीर झाली ती दिवसाला ७,००० रुपये. तीस दिवसांचा हिशेब केला तर ही मर्यादा २ लाख १० हजार रुपयांवर जाते. एवढी रक्कम महिन्याला मिळवणारी घरे या देशात थोडी आहेत. मग तेवढी रक्कम एका मुलाने एका खेळात घालवू नये म्हणून आखलेल्या रेषेला संरक्षण कसे म्हणावे?

याच बाबतीत भारतीय कायद्याचे जुने तत्त्व अगदी स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातूनच निरर्थक ठरवला. मुलाने केलेल्या खरेदीचे पैसे परत मागणे हा याचनेचा विषय राहू नये. ते परत करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी, हे या तत्त्वाशी सुसंगतच आहे. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या ‘एपिक गेम्स’ने, फसव्या बटणांमुळे आणि पालकांच्या संमतीविना झालेल्या खरेदीबद्दल ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केले. असे पैसे परत करता येतात, हे त्यावरून दिसून आले.

चौथा आक्षेप स्वयंनियमनाचा, आणि त्याच्याच जोडीला शक्यतांची टक्केवारी जाहीर केली की पुरे, हे म्हणणे. दक्षिण कोरियात २०१५ पासून उद्योगाचे स्वयंनियमन होते. त्याच काळात ‘मेपलस्टोरी’ या खेळातील ‘क्यूब’ नावाच्या सोडतींमध्ये, खेळाडूंना सर्वाधिक हव्या असलेल्या काही जोड्या निघण्याची शक्यता कंपनीने शून्य करून ठेवली होती आणि ते खेळाडूंपासून लपवले होते. जानेवारी २०२४ मध्ये तेथील स्पर्धा आयोगाने ‘नेक्सॉन’ कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड केला, तो याबद्दल. जी वस्तू निघणारच नव्हती तिच्यासाठी वर्षानुवर्षे पैसे भरले गेले, आणि हे उघडकीला आले ते खेळाडूंनी आवाज उठवल्यावर. कोरियाने त्याच वर्षी मार्चपासून शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक केले, यातच स्वयंनियमनाचे मूल्यमापन झाले आहे.

टक्केवारी जाहीर करणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. शक्यता एक टक्का आहे असे वाचल्यावर शंभर वेळा प्रयत्न केला की वस्तू मिळेल, असे सामान्य माणसाला वाटते. सोरटवाल्याच्या शंभर चिठ्ठ्यांच्या पुठ्ठ्यावर ते खरेही ठरते, कारण फाडलेली चिठ्ठी तेथून जाते आणि बक्षिसाची चिठ्ठी जवळ येत राहते. लूट बॉक्समध्ये मात्र, हमीची वेगळी तरतूद नसेल तर, फाडलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी पुन्हा पुठ्ठ्यावर जाऊन बसते. त्यामुळे शंभर वेळा पैसे भरणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांना ती वस्तू एकदाही मिळत नाही. हा फरक गणिताच्या विद्यार्थ्यालाही चटकन उमगत नाही. मध्यरात्री, थकलेल्या अवस्थेत, शेवटचा प्रयत्न म्हणून बटण दाबणाऱ्याला तो एका टक्केवारीच्या ओळीतून उमगेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

पाचवा आक्षेप बेल्जियमचा. तेथील जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यावयाचे लूट बॉक्स बेकायदा ठरवले. तरीही पुढे लिऑन शाओ या संशोधकाने तेथील सर्वाधिक कमाईचे शंभर आयफोन खेळ तपासले तेव्हा ८२ खेळांत ते आढळले. विरोधक हा आकडा बंदीच्या अपयशाचा पुरावा म्हणून देतात. वास्तविक तो अंमलबजावणीच्या अभावाचा पुरावा आहे. चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा रद्द करा, असे कोणी म्हणत नाही. शिवाय याच बेल्जियममध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने आपल्या ‘फिफा’ या फुटबॉलच्या खेळात पाकिटे घेण्यासाठी लागणाऱ्या गुणांची विक्री जानेवारी २०१९ अखेर थांबवली आणि खेळ मात्र विकला जात राहिला. पेट्या काढल्या तर उद्योग बुडेल, या भीतीलाही आधार नाही. ‘रॉकेट लीग’ने २०१९ अखेर पैशाच्या बंद पेट्या काढून टाकल्या, आणि तो खेळ आजही लाखो लोक खेळतात. वस्तू दाखवून, किंमत सांगून विकली तरी धंदा चालतो, हे वाण्यालाही ठाऊक आहे.

नियमनाच्या नावाखाली काय करू नये, हेही येथेच सांगणे आवश्यक आहे. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांचे ऑनलाइन खेळणे शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढ्यावर आणून ठेवले. हा मार्ग भारताने स्वीकारू नये, कारण तो अपराध विक्रेत्याचा असताना शिक्षा मुलाला देतो. खेळात मैत्री आहे, कौशल्य आहे, श्रमाचा विसर आहे. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला धावायला मैदान नसताना त्याच्या हातातला खेळही वेळापत्रकाने काढून घेणे हे संरक्षण नव्हे. लगाम हवा तो गल्ल्याला.

तो लगाम कसा असावा, हेही सांगता येते, आणि त्यासाठी सगळे नव्याने लिहावे लागणार नाही. विक्री वाढवण्यासाठी चालवलेल्या लॉटरीला आणि सोडतींना अनुचित व्यापारी प्रथेत गणणारी तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. खोटी घाई, सततचा तगादा, छुपी किंमत अशा तेरा फसव्या रचनांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केली आहेत. त्यांच्या आधारे खेळांसाठी स्वतंत्र नियम करावेत. अठरा वर्षांखालील खेळाडूला पैशाची सोडत विकू नये. प्रत्येक खरेदीची किंमत रुपयांत दाखवावी आणि महिन्याचा एकूण खर्च पडद्यावर कायम दिसावा. सज्ञान खेळाडूलाही आरंभी एक माफक मासिक मर्यादा लागू असावी. ती वाढवण्याची मुभा त्याला असावी, पण वाढ काही दिवसांनी अमलात यावी, म्हणजे उमाळ्याच्या क्षणी घेतलेल्या निर्णयाला विचाराची संधी मिळेल. स्वतःला खरेदीपासून दूर ठेवण्याची नोंद करणाऱ्याला कंपनीने पुन्हा आमिष दाखवू नये. शक्यतांची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून व्हावी, आणि निवडक खेळाडूंकडून किती महसूल येतो याची माहिती कंपन्यांनी नियामकाला द्यावी. यातल्या एकाही नियमाने खेळणाऱ्याचे खेळणे मिनिटभरही कमी होत नाही.

विरोधकांच्या पाचही आक्षेपांनंतर शिल्लक राहतो तो एक साधा फरक. दुकानातल्या पुठ्ठ्याला कड होती: चिठ्ठ्या मोजक्या होत्या, मुठीतली नाणी मोजकी होती, आणि दुकानदाराला दिवेलागणीनंतर का होईना फळी लावावी लागत असे. खिशातल्या या नव्या पुठ्ठ्याला चिठ्ठ्यांचा अंत नाही, नाणी दिसत नाहीत आणि दुकान कधी बंद होत नाही. शिवाय समोर कोण उभे आहे, ते किती कासावीस झाले आहे, हे त्या दुकानाला पूर्वीच्या कोणत्याही दुकानदारापेक्षा जास्त कळते. ज्याला हे कळते त्याच्यावर थांबवण्याची जबाबदारी येते, आणि तो ती स्वतःहून घेत नसेल तर ती त्याच्यावर टाकणे हे कायद्याचे काम आहे. पुठ्ठ्याला कड असणे ही सोय एकेकाळी कागदाने आपसूक करून दिली होती. आता ती कायद्याने करून द्यायची आहे.